मामूंचा मोबाइल नंबर

मामूंबद्दल माझी एक तक्रार आहे. ती अगोदरच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला साधुसंत समजणार नाही. त्यांनी मला सांगायला पाहिजे होतं. वेळ होता, तोंड होतं, आणि दवाखान्यातली माझी केबिन त्यांच्या केसपेपरच्या खिडकीपासून बारा पावलांवर होती. तरी सांगितलं नाही. जाफराबादेत आजही चार माणसं चहाला जमली की या गोष्टीत मी राक्षस असतो आणि मामू देवमाणूस. असोत. माझी बाजू कोणी विचारली नाही, म्हणून लिहून काढतो आहे.

नाव त्यांना होतं, पगारपत्रकावर होतं, पण ते हाक मारायला कोणी वापरलं नाही. झाडणाऱ्या बाईपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचे ते मामू. घरी उर्दू, खिडकीवर मराठी, आणि मधल्या बारा पावलांत माझ्याशी दोन्हीची खिचडी. अंगात पांढरा सदरा, डोक्याला टोपी, खिशात फुटाण्यांची डबी. पेन हरवू नये म्हणून खिडकीच्या गजाला सलाइनच्या नळीनं बांधलेलं. त्या पेनाला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना चालत नसे.

मामू मला सौद्यात मिळाले, हे अक्षरशः खरं आहे. मी औषधांची खोकी एसटीच्या टपावर चढवण्यापासून सुरुवात केलेला माणूस. वडिलांकडून मला उंची मिळाली, दुसरं काही नाही. खोक्यांवरून मेडिकलच्या दुकानात आलो, दुकानावरून जुन्या डॉक्टरांच्या दवाखान्यावर डोळा गेला. डॉक्टर थकले होते, मुलं परदेशात होती. चार बैठकांत सौदा झाला. भिंतीच्या ओलीवरून, छतावरून, अगदी तपासणीच्या टेबलाच्या हलणाऱ्या पायावरून मी त्यांना खाली आणलं. सगळीकडं ते उतरले. एका जागी मात्र ढिम्म हलले नाहीत.

"मामू स्वतः उठेपर्यंत केसपेपरच्या खिडकीवर बसतील."

"वर्षभर ठेवतो," मी म्हणालो.

"मग दवाखाना राहू द्या."

"दोन वर्षं."

डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. मी अट मान्य केली. आयुष्यात समोरच्याची अट जशीच्या तशी मानायची वेळ माझ्यावर तेवढी एकदाच आली, आणि ती मला कायम टोचत राहिली. पुढं मी मजला चढवला, खाटा वाढवल्या, लॅब काढली, पगारी डॉक्टर ठेवले, पंधरा दिवसांतून एकदा संभाजीनगरहून सर्जन यायला लागले. सगळं बदललं. खिडकीत मामू तसेच.

खिडकीवर आलेल्या माणसाला मामू नाव विचारत नसत. आधी गाव. मग गावात की वस्तीवर. बाई असली तर माहेर कोणतं. नाव सगळ्यात शेवटी, जाताजाता. मी एकदा म्हणालो, "मामू, नाव आधी लिहा, रांग तुंबते."

"नावाचं काय, शेट. एका गावात पाच सुनीता. गाव अन् माहेर लावलं की मंग एकच उरती."

आजार तर ते विचारतच नसत. कोणी आपणहून सांगायला लागलं की हात वर करून थांबवत. "आत डॉक्टरला सांगा. इथं लोकं हायेत." परत कधी यायचं ते तारखेनं सांगत नसत, बाजारानं सांगत. "दोन बाजार जाऊ द्या, मंग या." तारीख चुकणारी माणसं बाजार चुकवत नसत, हे मलाही कबूल आहे.

त्यांची आणखी एक सवय होती, ती मला पहिल्यापासून खटकत असे. काम संपलं की काही दिवशी ते घरी न जाता वडापच्या जीपमध्ये बसत आणि कुठल्या तरी गावाला जात. कधी टेंभुर्णी, कधी आणखी आडबाजूला. माझ्या ड्रायव्हरनं त्यांना दोनतीनदा पाहिलं. गावात न उतरता अलीकडच्या फाट्यावर उतरायचे, चालत जायचे, आधी हॉटेलात चहा घ्यायचे, मग या गल्लीत दोन मिनिटं, त्या गल्लीत दोन मिनिटं. कोणाच्या घरी आलेत ते कळू नये असं चालायचे. चोरासारखं, असं ड्रायव्हर म्हणाला.

मी विचारलं, "काय मामू, दुसरं घर केलं का?"

"या वयात दुसरं घर?" ते फुटाणा तोंडात टाकत म्हणाले. "शेट, पहिलंच गळून राह्यलंय."

मी हसलो. पण गोष्ट डोक्यात नोंदवून ठेवली.

मग कॉम्प्युटर आले. ते मी आणले. आसपासच्या कोणत्याच दवाखान्यात तेव्हा तशी पद्धत नव्हती. पेशंटची नोंद, तपासण्या, औषधं, सगळं एका जागी, आणि रिपोर्ट तयार झाला की पेशंटच्या मोबाइलवर आपोआप मेसेज. सॉफ्टवेअरवाल्याशी मी इतका घासलो की शेवटी त्यानं वॉर्डसाठी तीन टॅब फुकट दिले आणि जाताना म्हणाला, "शेठ, तुमच्याकडं नोकरी देता का? मला धंदा शिकायचाय."

त्याच्याशी भांडणं सोपं होतं. माझ्याच माणसांशी भांडायचं म्हणजे भिंतीशी भांडणं. तोंडावर कोणी नाही म्हणत नसे. टॅब बघावा तेव्हा चार्जिंगला. लॅबवाला आधी कागदावर लिहायचा आणि "मग चढवतो" म्हणायचा. ते मग कधी आलंच नाही. पगारी डॉक्टर तर सगळ्यांचे गुरू. स्क्रीन उघडायचीच नाही, कागद समोर ठेवला की बघायचं. वॉर्डच्या मोठ्या सिस्टर आष्टीच्या, नोकरीत मुरलेल्या. त्या पासवर्ड रोज विसरत आणि मला रोज नव्यानं नमस्कार करत.

मी आधी गोडीनं घेतलं. महिन्यात सगळ्यात जास्त नोंदी करील त्याला मिक्सर, असं जाहीर केलं. महिनाअखेर आष्टीच्या सिस्टर पहिल्या. नोंदी उघडून बघतो तर एकच म्हातारा तीनदा भरती झालेला, तीन वेगवेगळ्या वयांचा.

"सिस्टर, हे काय?"

"शेठ, तुम्ही जास्त म्हणाला होता. बराबर म्हणाला न्हाईत."

मिक्सर द्यावा लागला. मग मी गोडी सोडली. कोणाची सुट्टी अडवली, कोणाला सगळ्यांसमोर झापलं. माझा आवाज मोठा आहे आणि राग त्याच्याहून मोठा. थोडं हललं. फक्त मामू हलले नाहीत. त्यांनी कॉम्प्युटरवर एक धुतलेला टॉवेल घातला आणि बाजूला आपलं रजिस्टर उघडलं. कॉम्प्युटरला ते जावईबापू म्हणत.

"जावईच हाय ना. थंड हवा पाहिजे, रोज पुसून घ्या, जरा बोट लागलं की रुसून बसतो. अन् काम? काम सासऱ्यानंच करायचं."

लाइट गेली की बाकड्यांवरच्या लोकांना सांगायचे, "जावईबापू आज जेवले न्हाईत. तुमचं मी लिहितो, या." सगळा हॉल हसायचा. मी केबिनमध्ये दात खात बसायचो. त्या हसण्यानं बाकीच्यांना बळ मिळत होतं. अट नसती तर मी त्यांना पहिल्याच आठवड्यात उठवलं असतं.

आणि एका सोमवारी येऊन बघतो तर टॉवेलची घडी बाजूला आणि मामू एका बोटानं टाइप करतायत. गाव, माहेर, नाव. हळू, पण बिनचूक. पुढची ओळ, पुढची ओळ, आणि नोंद पूर्ण. कोणीही न सांगता, न झापता.

मला काय वाटलं ते खरं सांगतो. मी जिंकलो असं वाटलं. त्याच दिवशी सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणालो, "बघा. मामू शिकले. तुम्हाला काय धाड भरली?" मामू खाली मान घालून फुटाणे सोलत होते. सॉफ्टवेअरवाल्यानं त्यांचा खिडकीतला फोटो काढला आणि आपल्या जाहिरातीच्या पत्रकावर छापला. मी तो मोठा करून हॉलमध्ये लावला. बाकीचेही मग निमूट नोंदी करायला लागले. डॉक्टर सोडून.

जवळजवळ वर्ष सुरळीत गेलं. दिवाळीच्या तोंडावर मी फुकट शुगर तपासणीचं शिबिर ठेवलं आणि झाडून सगळ्या पेशंटना मेसेज करायचं ठरवलं. सॉफ्टवेअरवाला फोनवर सांगत होता, मी हॉलमधल्या कॉम्प्युटरपाशी उभा होतो. बाकडी भरलेली. दाबा म्हणाला, दाबलं.

खिडकीत मामूंचा मोबाइल वाजला. बटणांचा जुना फोन, मागचं झाकण रबरानं बांधलेलं. टिंग. मग पुन्हा टिंग. मग टिंग टिंग टिंग, थांबेचना. आधी मामूंनी तो उचलून बघितला, मग सदऱ्याखाली दाबला, मग मांडीखाली. टिंग टिंग. लोक हसायला लागले. भोकरदनकडचा एक म्हातारा ओरडला, "मामू, कोणाचं लग्न जमलं का काय?"

मी हसलो नाही. मी यादी उघडली. नाव वेगळं, गाव वेगळं, वय वेगळं आणि समोर मोबाइल नंबर एकच. पान खाली सरकवलं, पुन्हा तोच. पानामागून पान. बायकाच जास्त.

मी खिडकीपाशी गेलो. "हा नंबर कोणाचा?"

"माझा."

"या सगळ्या पेशंटना तुमचा नंबर?"

"हौ."

"कशाला?"

मामूंनी बाकड्यांकडं पाहिलं. बायका बसल्या होत्या, कोणाबरोबर नवरा, कोणाबरोबर सासू. मग ते हळू आवाजात म्हणाले, "शेट, आत चला. आत सांगतो."

इथं माझा धंदा मध्ये आला. तीस वर्षं मी खरेदीविक्री केली आहे. जो माणूस बाजूला घेतो, त्याला तोडपाणी करायचं असतं, हे मी अनुभवानं शिकलो होतो. क्षणात सगळं जुळलं. फाट्यावर उतरणं, चोरून गल्ल्या फिरणं, आणि आता नंबर. माणूस माझे पेशंट दुसऱ्या कोणाला तरी पुरवतो आहे. रिपोर्ट याच्याकडं येतो, हा घरी जातो आणि त्यांना तिकडं वळवतो.

"आत कशाला? इथंच सांग." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी अरेतुरेवर आलो.

"इथं न्हाई, शेट."

"कोणाला विकतोस माझे पेशंट?"

फोन अजून मांडीखाली वाजत होता. मामू माझ्याकडं बघत राहिले. रागानं नव्हे, आपण विकलेला खराब माल दुकानदारानं आपल्यालाच परत दाखवावा तसं काहीतरी त्या बघण्यात होतं, मला नीट सांगता येत नाही. मी म्हणालो, एक तर आत्ता इथं सगळ्यांसमोर बोल, नाही तर ऊठ. त्यांच्यासमोर एक पोरसवदा सून अर्धा लिहिलेला केसपेपर धरून उभी होती. मामूंनी तो पूर्ण केला, तिच्या हातात दिला, फोनचं रबर काढून बॅटरी बाहेर काढली, फुटाण्यांची डबी खिशात टाकली आणि उठले. गजाला बांधलेलं पेन तसंच ठेवलं.

जुन्या डॉक्टरांचा रात्री फोन आला. मी म्हणालो, "तुमची अट मोडलेली नाही. ते स्वतःच उठले." त्यांनी फोन ठेवून दिला. तेव्हापासून त्यांनी मला कधी फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरवाल्याला सांगितलं, तो नंबर सगळीकडून काढून टाक.

"काढता येतो शेठ, पण जागा रिकामी ठेवता येत नाही. नंबर टाकल्याशिवाय नोंद पुढं जात नाही, तशीच रचना आहे. त्याऐवजी कोणता टाकू?"

"माझा टाक."

त्यात मला हुशारी वाटली होती. माझ्या नंबरावरून तर कोणी पेशंट पळवणार नाही. पहिले काही दिवस मेसेज आले. कर्ज घ्या, प्लॉट घ्या, विमा घ्या, या गर्दीत तेही. मग एका दुपारी वैतागून मी मेसेजचा आवाजच बंद करून टाकला.

मामू गप्प बसले नाहीत. गावोगाव हिंडतायत, असं कानावर येत होतं. मला वाटलं, माझी बदनामी करत फिरतायत. पंधरावीस दिवसांनी ते दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर येऊन बसले. तीन दिवस, सकाळी दवाखाना उघडताना. आत आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आष्टीच्या सिस्टर केबिनमध्ये आल्या.

"शेठ, मामू म्हणून राह्यले, एका बाईचा रिपोर्ट यायचा होता. आला का तेवढं बघा म्हणतेत."

"कोणत्या बाईचा?"

"नाव तुम्हालाच सांगतो म्हणतेत."

"त्या बाईला स्वतः यायला सांगा. रिपोर्ट फक्त पेशंटलाच मिळेल. आता इथं नियम आहे."

सिस्टर दारात थांबल्या. "शेठ, दोन मिनटं बोललात तर—"

"टॅबवर नोंदी झाल्या का आजच्या?"

त्या गेल्या. चौथ्या दिवशी टपरी रिकामी होती. मला बरं वाटलं.

उन्हं तापायला लागली, ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या, तेव्हा टेंभुर्णीपलीकडच्या वस्तीवरचा एक माणूस बायकोला घेऊन आला. सर्जन यायचा दिवस होता. बाई पस्तिशीच्या आतली. पदर घट्ट आवळलेला, पण जवळून जाताना वास येत होता. दिवाळीच्या आधी तिच्या छातीतल्या गाठीचा तुकडा आमच्याकडंच काढून संभाजीनगरच्या मोठ्या लॅबला पाठवला होता. सर्जननी आतून निरोप पाठवला, तो रिपोर्ट कुठं आहे?

खिडकीवर आता मी नवीन मॅडम ठेवल्या होत्या. त्यांनी नोंद उघडली. रिपोर्ट होता. दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत आलेला, लाल अक्षरांत. कोणी उघडलेला नव्हता.

मी नवऱ्यावर चढलो. "चार महिने झाले! रिपोर्ट घ्यायला यायचं कळत नाही का?"

"चांगलाच होता की, शेठ," तो गोंधळून म्हणाला. "मामू कुठं आल्ते?"

"मामूंचा काय संबंध?"

तो बायकोकडं बघायला लागला. ती खाली बघत बोलली. "माझ्याजवळ फोन न्हाई. यांच्या फोनवर आलं असतं तर सगळ्या टोळीला कळलं असतं, तवा यांनाबी सांगितलं नव्हतं. मामू म्हणले, बाई, मी माझा नंबर टाकतो. वाईट असलं तर मी येईन. न्हाई आलो तर समज चांगलं हाय, बिनघोर जा कारखान्याला." तिनं पदर पुन्हा आवळला. "आमच्या गावात समद्या बायांला तसंच माहीत हाय. मामू न्हाई आले म्हणजे चांगलं."

बाकड्यावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. जणू ही गोष्ट सगळ्या तालुक्याला ठाऊक होती आणि मी एकटाच परगावचा होतो.

मॅडम स्क्रीनकडं बघून म्हणाल्या, "पण सर, मेसेज तर गेलाय यांना. पोचलाय असं दाखवतंय. नंबर बरोबर आहे का, लावून बघते." आणि त्यांनी काउंटरवरच्या फोनवरून नंबर लावला.

माझ्या खिशातला फोन वाजला.

मला लगेच कळलं नाही. मी तो काढून कानाला लावला. मॅडम "हॅलो" म्हणाल्या आणि ते मला दोनदा ऐकू आलं. एकदा समोरून, एकदा फोनमधून.

त्या बाईच्या उपचाराचा सगळा खर्च मी केला. हे लोक सांगत नाहीत. संभाजीनगरला नेलं, चांगल्या डॉक्टरला दाखवलं. दिवाळीला आणली असती तर गोष्ट वेगळी होती, असं तो डॉक्टर माझ्या तोंडावर म्हणाला. पाऊस सुरू व्हायच्या आत ती गेली.

मामूंच्या घरी मात्र मी खिशात फोन वाजला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी गेलो. बाजारामागच्या गल्लीत घर, दाराला पडदा. मामू बाजेवर पाय पसरून बसले होते, गुडघे सुजलेले. मी सांगायला सुरुवात केली तर त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "कोणत्या गावची?"

सांगितलं.

"माहेर आष्टीकडचं," ते म्हणाले, आणि गुडघा चोळायला लागले. मग म्हणाले, "मी गेल्तो. टोळी आदल्या दिवशीच गेल्ती. घराला कुलूप. कारखाना कोणता, कोणाला माहीत न्हाई. बाकीच्या गावांत सांगत फिरलो, आता मी न्हाई आलो तरी दवाखान्यात जा म्हणून. सगळीकडं कुठं पोचतो?"

मी भांडायच्या तयारीनंच गेलो होतो. म्हणालो, "मामू, पण तुम्ही मला एका शब्दानं सांगायचं होतं. सगळं तिथंच मिटलं असतं. वर्षभर हे करत होता, मला सांगायला काय झालं होतं?"

"कोणाकोणाचं सांगू, शेट? त्यांनी मला सांगितलं ते कोणाला सांगू नये म्हणूनच ना?"

"त्या दिवशी तरी?"

मामूंनी माझ्याकडं पाहिलं. "त्या दिवशी मी म्हणलो होतो ना. आत चला म्हणून."

बाहेर गल्लीत भाजीवाला ओरडत गेला. मामूंनीच विचारलं, "बाकीच्यांचं बघितलं का?"

मी फोन काढला. कर्ज, प्लॉट, विमा यांच्यामधून एकेक मेसेज शोधून वाचत गेलो. दुपार झाली. त्यांच्या घरातल्या बाईंनी पडद्याआडून दोनदा चहा दिला. मी नाव वाचायचो, मामू गाव सांगायचे, माहेर सांगायचे. ही बाळंतीण. हिची शुगर. हिच्या नवऱ्याला काही माहीत न्हाई, जपून. बहुतेक रिपोर्ट चांगले होते. दोघींना त्याच दिवशी गाडी पाठवून आणलं, त्यांना उशीर झालेला नव्हता. एक नाव वाचलं तेव्हा मामू म्हणाले, "तिचं राहू द्या, आता उपयोग न्हाई," आणि पुढचं वाचायची खूण केली.

निघताना मी म्हणालो, "उद्यापासून खिडकीवर या. पगार तुम्ही म्हणाल तो." मी असं वाक्य कोणाला म्हटल्याचं मला आठवत नाही.

"बसून काय करू आता? लोकं म्हणणार, मामू न्हाई आले, पन भरवसा काय? ते तर गेलं, शेट. ते तुम्ही पगारात कसं घालून देणार?"

मी दोनदा वाढवून बघितलं. त्यांनी मान हलवली. जुन्या डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला होता, तितक्याच शांतपणे.

गेल्या थंडीत मामू गेले. जनाज्याला गर्दी होती. खांदा द्यायला मी पुढं झालो. मला कोणी अडवलं नाही, पण जागाही कोणी केली नाही.

खिडकीवरच्या गजाला ते पेन अजून आहे, मॅडम त्याला हात लावत नाहीत. ज्या बायकांकडं फोन नसतो, किंवा असून द्यायचा नसतो, त्यांच्यासाठी त्या अजून माझाच नंबर टाकतात. मीच तसं सांगितलं आहे. मेसेजचा आवाज आता चालू असतो. वाईट रिपोर्ट घेऊन जायला मी आधी एक माणूस ठेवून पाहिला. तो मोटारसायकल चालू ठेवून रस्त्यावरूनच ओरडून सांगायचा. त्याला काढलं. आता मी जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडी सरळ दारात नेली. गाडी थांबायच्या आत शेजारच्या चार घरांतली माणसं बाहेर आली होती आणि ती बाई मी तोंड उघडायच्या आधीच मटकन खाली बसली.

तेव्हापासून गाडी फाट्यावर ठेवतो. चालत जातो. नको असलेला चहा हॉटेलात घेतो. दोन गल्ल्या उगाच फिरतो. मग त्या घरापाशी थांबतो. बाई दारात येते, हात पुढं करते, कागद घेते, पदराखाली धरते. काय लिहिलंय ते मी हळू सांगतो, कधी निघायचं ते सांगतो. ती ऐकते, मान हलवते.

आत या, असं मला अजून कोणी म्हणालेलं नाही.